प्रकार नऊ

रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या तिकिटांची प्रणाली
आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या पाठोपाठ एक दस्तऐवज आला,
एकशे बारा पानांचा,
नाव: अंतिम, सुधारित, खरेच अंतिम.
पान चौसष्ट, कलम सात पूर्णांक तीन:
"प्रकार नऊचे वाहन, बुधवारी, भाडे शून्य."

प्रकार एक ते आठ पान बारावर आहेत.
नऊ कुठेच नाही.

लिहिणारा एव्हारिस्तो आता स्विंडनला.
विचारले तर उत्तर आले, खिडकीबाहेरच्या बर्फाच्या फोटोसकट:
"तेव्हा सगळ्यांना माहीत होतं गो. म्हणून लिहिलं नाही."

सगळ्यांना माहीत होतं.
या तीन शब्दांचे व्याज
पाटोवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठल्याही वहीत न दाखवता जाते.
दर आवृत्तीला शर्वाणी
बुधवारच्या एकेचाळीस चाचण्या चालवते,
घड्याळ मागे घेते, पुढे सरकवते,
मंगळवारच्या ऐन मध्यरात्री
नऊ नंबरची गाडी नसलेल्या नदीत उतरवते.
पलीकडे लागली की हिरवी खूण.
कुणाची गाडी, आत काय, हे विचारायचे नसते.
"पुढच्या खेपेला बघू", मीच लिहिले आहे
छापील प्रतीच्या समासात, तीनदा, तारखेसह.
अक्षर दर वेळी जरा अधिक घाईचे.

मग प्रज्योतने, नवा पोरगा, हुशार,
एका दुपारी जेवून आल्यावर ते कलम काढून टाकले.
काही झाले नाही.
बुधवार आला, गेला, काही झाले नाही.
महिनाअखेर हिशेबाचा अहवाल निघेना.
त्याला नववा रकाना हवा होता,
रिकामा का असेना, पण हवा.
रात्री दोनला कलम परत आले
आणि त्याच्याखाली एक जादा ओळ: "काढू नये."
का, ते पुन्हा नाहीच.

शनिवारी मी धक्क्यावर गेले.
फेरीची फळी पाडणारा सोयरू, निवृत्तीला आठ महिने,
दोरखंडावर बसून बांगड्याचे डबे उघडत होता.
"नऊ? ती चिऱ्यांची पिकअप."
त्याने हनुवटीने पलीकडचा काठ दाखवला.
त्या वर्षी कुर्ल्यांनी बांधाला भोके पाडली.
येणाऱ्याजाणाऱ्याने पाहिली, पाहून पुढे गेला.
अमावास्येच्या भरतीला मानस उखडला,
खारे पाणी खाजनात, कोरगुटाची रोपे दोन दिवसांत पिवळी.
चिरे अलीकडून न्यायचे, भाडे द्यायचे कुणी?
कुणा साहेबाने तोंडी माफ केले,
एव्हारिस्तो तिथेच उभा होता, त्याने टिपून घेतले.
"बुराक ल्हान आसतना चिखल पुरो," सोयरू म्हणाला,
"मागीर चिरे लागतात."

पण बुधवारच का?
त्याने कपाळ खाजवले.
"तें मात याद ना."

बोट सुटली. मी तशीच पलीकडे गेले.
बांधावर एक माणूस काठी टोचत चालला होता,
डाव्या हातात चिखलाचा गोळा.
मध्येच वाकला, काहीतरी बुजवले, अंगठ्याने दाबले,
पुढे निघाला. कुणाशी बोलला नाही.

सोमवारी पान बारावर मी लिहिले:
प्रकार नऊ: बांधाचे चिरे नेणारी पिकअप.
काम संपले: त्याच वर्षी, मिरगाआधी, सोयरूच्या आठवणीप्रमाणे.
शेवटची खेप: ठाऊक नाही.
बुधवार का: ठाऊक नाही. धक्क्यावर विचारले होते, चौदा ऑक्टोबर.
प्रज्योत, आता काढ. पण आधी अहवालाचा रकाना.

शर्वाणीने त्या एकेचाळीस चाचण्या
शेवटच्या एकदा चालवल्या, गरज नसताना.
मी मागे उभी होते.
या वेळी गाडी जड वाटली,
फळीवर चढताना मागून किंचित खाली बसलेली.